एका फेरेटसाठी एवढा खटाटोप?

एखादी प्रजाती नामशेष होण्याच्या बेतात आली की तिच्यासाठी कायदा, निधी आणि माणसे यांची जुळवाजुळव सुरू होते, आणि बहुधा त्याच सुमारास त्या खटाटोपावर एक ठरावीक टीकाही सुरू होते. निसर्ग ही परस्परांत गुंतलेली व्यवस्था असताना तिच्यातला एकच प्राणी उचलून त्याचे कोडकौतुक करणे ही शास्त्राची नव्हे, भावनेची निवड आहे. त्याच पैशात अनेक प्रजातींचे भले झाले असते. आणि ज्याला स्वतःच्या बळावर टिकता येत नाही त्याला सरकारी खर्चाने जगवण्यात अर्थ नाही, असे या टीकेचे एकूण स्वरूप असते. कॅनडाच्या दक्षिणेपासून मेक्सिकोच्या उत्तरेपर्यंत पसरलेल्या प्रेअरीवरचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतील विस्तीर्ण गवताळ मैदानांवरचा, काळ्या पायांचा फेरेट हा या टीकेचा आवडता आरोपी आहे, कारण त्याच्या बाबतीत तिला लागणारी सगळी सामग्री आयतीच मिळते. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९६७ मध्ये त्याची नोंद धोक्यातील प्रजातींच्या यादीत केली. १९७९ मध्ये पिंजऱ्यातला शेवटचा फेरेट मेल्यावर तो संपलाच असे मानले गेले. १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातील मिटीट्सी गावाजवळ एका पशुपालकाच्या कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणल्यामुळे त्याचा पुन्हा पत्ता लागला. तिथे सापडलेल्या शंभरावर प्राण्यांची संख्या साथीच्या रोगांनी १८ पर्यंत खाली आणली. ते १८ ही १९८७ पर्यंत पकडून बंदिवासात नेण्यात आले. आणि तेव्हापासून प्रजनन, लसीकरण व पुनर्स्थापना अखंड चालू असूनही रानात मोकळे फिरणारे फेरेट आज काही शेकड्यांपलीकडे गेलेले नाहीत.

इतक्या वर्षांच्या खर्चाचे फळ एवढेच का, हा प्रश्न गैरवाजवी नाही. तो विचारणाऱ्यांचे गृहीतक मात्र तपासून पाहायला हवे, कारण यशापयशाचा हिशेब फेरेटांची डोकी मोजून करायचा हे त्यांनी न सांगता ठरवून टाकलेले असते. या विशिष्ट प्राण्याचे संरक्षण डोक्यांत नव्हे, एकरांत मोजावे लागते, आणि त्याचे कारण त्याच्या राहणीत आहे.

फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला, जेमतेम किलोभर वजनाचा, लांबट अंगाचा निशाचर शिकारी असून डोळ्यांवरचा काळा पट्टा आणि काळे पाय यांवरून तो ओळखला जातो. ऑड्युबन आणि बाकमन यांनी १८५१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, पण पुढची पंचवीसेक वर्षे दुसरा नमुना कोणाच्या हाती लागला नाही, आणि असा प्राणी खरोखर आहे का, अशीही शंका विद्वानांनी घेतली. तो इतका दडून राहतो याचे कारण दिवसाचा बहुतेक वेळ तो जमिनीखाली असतो, आणि जमिनीखालचे ते घर त्याने स्वतः बांधलेले नसते. प्रेअरी डॉग या नावाने ओळखला जाणारा, खारीच्या कुळातला आणि मोठ्या वसाहती करून राहणारा एक प्राणी ती बिळे खोदतो. फेरेट त्यांत राहतो, त्यांतच पिल्ले वाढवतो आणि त्या घरांच्या मूळ मालकांवरच पोट भरतो. त्याच्या आहाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग प्रेअरी डॉगचा असतो आणि एक फेरेट वर्षाकाठी शंभराहून जास्त प्रेअरी डॉग फस्त करतो. शिकारी प्राण्यांमध्ये इतके परावलंबन विरळा. बिबट्याला कुत्रा चालतो, डुक्कर चालते, कोंबडीही चालते; फेरेटला प्रेअरी डॉगच्या नांदत्या वसाहतीखेरीज काहीच चालत नाही. तेव्हा फेरेट वाचवणे याचा व्यवहारातला अर्थ हजारो एकरांची वसाहत शाबूत ठेवणे असाच होतो, आणि ज्याला यात एका प्राण्याचे लाड दिसतात त्याने फेरेट पाहिला आहे, त्याच्या पायाखालची जमीन पाहिलेली नाही.

ती जमीन बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रेअरी डॉग आपल्या वसाहतीतले उंच गवत सतत कुरतडून ठेवतो, कारण कोल्हा किंवा गरुड दुरूनच दिसणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. या अखंड छाटणीमुळे गवताला पुनःपुन्हा कोवळे फुटवे येतात, त्यांत नत्राचे प्रमाण अधिक असते आणि ते पचायला हलके असतात. साउथ डकोटा राज्यातील विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत बायसन, म्हणजे अमेरिकेचे रानबैल, चरण्यासाठी या वसाहतींना पसंती देतात असे दिसून आले. बिळांभोवती मातीचे ढिगारे असतात, जमीन भुसभुशीत होते, पावसाचे पाणी आत मुरते. मेक्सिकोतील चिवावा राज्याच्या हानोस भागात झालेल्या संशोधनात नांदत्या वसाहतींच्या जमिनीत पाणी अधिक मुरते आणि मातीची धूप कमी होते, तर प्रेअरी डॉग नाहीसे झालेल्या जमिनीचा कल उजाड होण्याकडे असतो, असे आढळले. टेक्सासमधील आणखी एक निरीक्षण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. तिथे मेस्किट नावाचे काटेरी झुडूप गवताळ जमीन गिळत चालले आहे, आणि दख्खनच्या माळांवर व कच्छमध्ये माजलेली वेडी बाभूळ त्याच झुडपाच्या प्रजातिसमूहातली आहे. प्रेअरी डॉग मेस्किटच्या शेंगा खातो, रोपांची साल सोलतो आणि त्याला वर येऊ देत नाही; प्रेअरी डॉगला विष घालून संपवल्यावर त्या जागांत मेस्किट फोफावल्याची नोंद संशोधकांनी केली आहे. याचा अर्थ असा की ज्या पशुपालकांनी चाऱ्यावरचा वाटेकरी म्हणून या प्राण्याला मारले, त्यांच्याच कुरणात पुढे चाऱ्याच्या जागी काटे उभे राहिले.

वसाहतीत राहणाऱ्या इतरांची कथा याहून स्पष्ट आहे. बिळात राहणारे एक छोटे घुबड या मैदानांवर स्वतः क्वचितच बीळ खोदते. ते प्रेअरी डॉगने सोडलेले बीळ घेते, त्याच्या तोंडाशी जनावरांचे वाळलेले शेण पसरते, आणि त्याची पिल्ले धोका जाणवताच अंधारातून खुळखुळ्या सापाच्या शेपटीसारखा आवाज काढून आत डोकावणाऱ्याला पळवून लावतात. माउंटन प्लव्हर हा टिटवीच्या जातकुळीतला पक्षी बोडक्या जमिनीवर अंडी घालतो आणि तशी जमीन त्याला या वसाहतींत मिळते. मोंटाना राज्यात प्लेगने प्रेअरी डॉगच्या वसाहती बसल्या तेव्हा तिथल्या प्लव्हरची संख्याही घसरली, आणि वसाहती पुन्हा वाढल्या तशी तीही वाढली. मुद्दाम आखलेल्या प्रयोगातून जे सिद्ध करायला कित्येक वर्षे गेली असती ते एका रोगाने आपोआप दाखवून दिले. स्विफ्ट फॉक्स ही लहान चणीची खोकड, खुळखुळे साप, टायगर सॅलमँडर हा उभयचर, हिवाळ्यात वसाहतींवर घिरट्या घालणारे मोठे शिकारी पक्षी, अशी ही यादी पुष्कळ वाढवता येते, आणि संवर्धनाच्या पुरस्कर्त्यांनी ती भरमसाट वाढवलीही आहे.

इथे त्यांच्याही चुकीचा उल्लेख करणे भाग आहे. वसाहतींत वा त्यांच्या आसपास दोनशेहून अधिक प्रजाती दिसतात, हा आकडा वर्षानुवर्षे असा फिरवला गेला, जणू त्या सगळ्या प्रेअरी डॉगवर अवलंबून आहेत. नताशा कोटलियार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या दाव्याची छाननी केली, तेव्हा नोंदलेल्या २०८ प्रजातींपैकी अवघ्या ९ प्रजातींच्या बाबतीत अवलंबित्वाचा पुरेसा पुरावा असल्याचे आढळले. टीकाकारांनी हा आकडा झेलला नसता तरच नवल. दोनशेआठ म्हणता म्हणता नऊच निघाले, मग फुगा फुटलाच की, असा त्यांचा सूर असतो. पण त्या छाननीचा निष्कर्ष त्यांना वाटतो तसा नाही. पुरावा अपुरा असणे आणि संबंध नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय प्रेअरी डॉग जे काम करतो ते त्या मैदानावर दुसरा कोणताही प्राणी तशा प्रकारे करत नाही, हे त्याच अभ्यासकांनी मान्य केले आणि वसाहतींचे क्षेत्र आक्रसल्याने हे काम पूर्वीच्या प्रमाणात होत नसावे, असा इशाराही दिला. रॉबर्ट पेन यांनी १९६९ मध्ये ‘कीस्टोन प्रजाती’ ही संज्ञा रूढ केली, ती अशा प्राण्यासाठी की ज्याचा परिसरावरचा परिणाम त्याच्या संख्येच्या मानाने फार मोठा असतो आणि जो काढून घेतला तर इतर प्रजातींची घडी विस्कटते. या व्याख्येत किती प्रजाती अवलंबून असाव्यात याचा कोणताही किमान आकडा नाही. नऊ प्रजातींचे जगणे एका प्राण्याच्या खोदकामावर अवलंबून असेल, तर तो शोध लहान ठरवण्याची घाई कशासाठी?

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे, आणि संवर्धनाच्या बाजूने लिहिणारे त्याला बहुधा बगल देतात. छत्र-प्रजाती ही संकल्पना अशी की एखाद्या प्राण्याला भरपूर जागा लागत असेल तर ती जागा राखल्याने तिथल्या इतर प्रजाती आपोआप त्याच्या छत्राखाली येतात. अँडेलमन आणि फॅगन यांनी २००० मध्ये अमेरिकेतील प्रजातींच्या नोंदी घेऊन ही कल्पना तपासली आणि असे दाखवले की छत्र म्हणून निवडलेल्या प्रजाती बहुतेक वेळा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या प्रजातींपेक्षा फारसे अधिक काही वाचवत नाहीत. निष्कर्ष प्रामाणिक आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. फक्त तो कशाबद्दल आहे हे नीट पाहिले पाहिजे. त्या तपासणीत प्रश्न नकाशाचा होता, म्हणजे एका प्राण्याचा वावर असलेल्या भागात दुसरे किती प्राणी सापडतात याचा. दोन प्राणी एकाच तालुक्यात राहतात एवढ्यावरून एकाच्या संरक्षणाचा फायदा दुसऱ्याला होईलच असे नाही, हे उघड आहे. फेरेटचे नाते नकाशावरच्या शेजाराचे नाही. तो ज्या एकाच प्राण्यावर जगतो तो प्राणी नेमका त्या भूमीला घडवणारा आहे, आणि म्हणून फेरेटची गरज भागवणे व भूमी घडवणाऱ्याला जगवणे ही एकच कृती ठरते. छत्र-प्रजातींवरची सर्वसाधारण टीका वाघाला, हत्तीला किंवा एखाद्या घुबडाला कमीअधिक लागू पडेल. ती जशीच्या तशी उचलून फेरेटवर टाकणाऱ्याने या साखळीचा विचारच केलेला नसतो.

मग जाणता टीकाकार साहजिकच असे विचारतो की सगळे काम प्रेअरी डॉगच करत असेल तर सरळ त्यालाच संरक्षण द्यावे, मध्ये फेरेटला कशाला आणावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जीवशास्त्रात नसून अमेरिकेच्या राजकारणात आहे. अमेरिकी कृषी खात्यातील जीवशास्त्रज्ञ सी. हार्ट मेरियम यांनी १९०२ मध्ये २५६ प्रेअरी डॉग एका गाईइतका आणि ३२ प्रेअरी डॉग एका मेंढीइतका चारा खातात असा हिशेब मांडला, आणि या प्राण्यामुळे कुरणांचे उत्पन्न निम्म्यापासून पाऊणपर्यंत घटते असे विधान केले. शेताच्या बांधावर कधीही न तपासलेले हे गणित पुढे अर्धे शतक सरकारी धोरणाचा पाया ठरले. स्ट्रिक्नीन, झिंक फॉस्फाइड आणि १०८० या नावाने ओळखले जाणारे विष यांची मोहीम सरकारी खर्चाने चालली, आणि एके काळी सुमारे ८ ते १० कोटी एकरांवर पसरलेल्या काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगच्या वसाहती १९६१ च्या अंदाजानुसार ३ लाख ६४ हजार एकरांवर आल्या. फेरेट नामशेष होण्याच्या काठावर आला तो या मोहिमेमुळे. ज्याला स्वतःच्या बळावर टिकता येत नाही अशा प्राण्याला निसर्गच बाजूला सारतो, असे म्हणणाऱ्यांनी विषाचे हे पिंप निसर्गाच्या खात्यावर मांडू नये एवढी किमान सभ्यता पाळायला हरकत नाही.

काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगला संरक्षण द्यावे असा अर्ज १९९८ मध्ये झाला. २००० मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्याने तो समर्थनीय असल्याचे म्हटले पण इतर कामांना अग्रक्रम असल्याचे कारण देऊन प्रतीक्षायादीत ठेवला. २००४ मध्ये त्याला त्या यादीतूनही काढले. आणि २००९ मध्ये संरक्षणाची गरज नसल्याचा निर्णय दिला. निर्णयाला आधार होता तो वसाहतींचे क्षेत्र पुन्हा सुमारे २४ लाख एकरांपर्यंत पोहोचल्याचा. कागदावर हे खरेच आहे. १९६१ च्या तुलनेत ही मोठी वाढ आहे, आणि हा प्राणी स्वतः नामशेष होण्याच्या बेतात नाही हेही मान्य करायला हवे. प्रश्न असा की हे २४ लाख एकर कसे आहेत. दहा एकर इथे, चाळीस एकर तिथे, मध्ये नांगरलेली शेती, कुंपण, रस्ता, आणि दरवर्षी विष घालण्याची मुभा, अशा तुकड्यांत विखुरलेली वसाहत प्रेअरी डॉगची जात टिकवायला पुरेशी असते. घुबडांना, प्लव्हरना, खोकडांना आणि बायसनला पुरेल असे काम मात्र ती करत नाही. एखादी प्रजाती जिवंत असणे आणि ती आपले काम करत असणे यांत हे अंतर आहे, आणि संख्या मोजून संरक्षण ठरवणाऱ्या कायद्याला ते दिसत नाही.

फेरेटला ते दिसते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तुकड्यातुकड्यांच्या वसाहतींत तो टिकतच नाही. स्वतःच्या बळावर टिकणाऱ्या संख्येसाठी त्याला सलग किंवा जवळजवळ असलेल्या हजारो एकरांच्या नांदत्या वसाहती लागतात. जिथे फेरेट पिढ्यान्‌पिढ्या टिकला तिथली वसाहत काम करण्याइतकी मोठी आहे याचा तो सर्वांत कडक पुरावा असतो. शिवाय प्रेअरी डॉगला नसलेली एक गोष्ट त्याच्याजवळ आहे, ती म्हणजे कायद्यातले स्थान. १९७३ च्या धोक्यातील प्रजातींविषयीच्या कायद्याने आपल्या उद्देशांत, अशा प्रजाती ज्या परिसंस्थांवर अवलंबून असतात त्या परिसंस्था राखण्याचे साधन निर्माण करणे, हे आरंभीच नमूद केले आहे. प्रजाती की परिसंस्था, असा पेच टीकाकार उभा करतात. ज्या कायद्यावर ते तुटून पडतात त्याने तो पहिल्याच कलमांत सोडवून ठेवला आहे. २०१३ च्या पुनरुज्जीवन आराखड्यानुसार फेरेटला यादीतून काढायचे तर किमान ३० ठिकाणी मिळून ३,००० प्रौढ फेरेट हवेत, आणि त्यासाठी सुमारे ५ लाख एकरांच्या वसाहती राखाव्या लागतील. हे क्षेत्र मूळ पसाऱ्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. एका प्राण्यासाठी सारे पश्चिम अमेरिकन पशुपालन वेठीला धरले जात असल्याची हाकाटी या आकड्यापुढे टिकत नाही.

खर्चाचा मुद्दा तपासायचा तर पैसा प्रत्यक्षात कशावर जातो हे पाहावे लागते, आणि इथे या दूरदेशीच्या कथेचा मुंबईशी खरा संबंध येतो. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये उसळलेला प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात आला. रँडच्या कारकिर्दीमुळे आणि हाफकिन यांच्या लशीमुळे तो मराठी इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. त्याच जागतिक साथीतला तोच जिवाणू १९०० मध्ये जहाजांवाटे सॅन फ्रान्सिस्कोला उतरला, तिथल्या उंदरांतून रानखारींत गेला आणि पुढच्या काही दशकांत प्रेअरीवर पोहोचला. मुंबईतून तो काही दशकांत ओसरला; तिथे अजूनही मुक्कामाला आहे. अमेरिकेतल्या प्राण्यांची या जिवाणूशी पूर्वी कधी गाठच पडली नसल्याने प्रेअरी डॉगच्या वसाहतीत तो शिरला की दहातले नऊ प्राणी आणि कधीकधी सगळेच मरतात. फेरेट दोन्हीकडून सापडतो, कारण त्याला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याचे अन्नही जाते.

आता फेरेटच्या नावाने चालणारे काम कसे असते ते पाहावे. माणसे वसाहतीत एका बिळाकडून दुसऱ्या बिळाकडे जात प्रत्येक बिळात लांब नळीने डेल्टामेथ्रिन या पिसवामारक भुकटीचे काही ग्रॅम सोडतात, आणि हे हजारो बिळांत करावे लागते. काही ठिकाणी शेंगदाण्याच्या लोण्याच्या चवीची, लस भरलेली आमिषे टाकली जातात. ती किती प्राण्यांनी खाल्ली हे कळावे म्हणून त्यांत एक रंगद्रव्य मिसळलेले असते. आमिष खाल्लेल्या प्रेअरी डॉगच्या मिशा त्याने रंगतात आणि पकडून तपासल्यावर ते दिसते. रात्री प्रखर दिवे लावलेल्या गाड्या मैदानावर फिरतात, फेरेटचे डोळे त्या प्रकाशात हिरवे चमकतात, मग तो ज्या बिळात शिरला त्याच्या तोंडावर एक कडे ठेवून त्याच्या कातडीखालच्या चिपचा क्रमांक वाचला जातो आणि लस न मिळालेल्याला पकडून ती टोचली जाते. या सगळ्यात शेवटचे काम तेवढे फेरेटचे. भुकटी आणि आमिषे प्रेअरी डॉगला जगवतात, आणि त्याच्याबरोबर घुबडाला, प्लव्हरला, खोकडीला. साउथ डकोटातील कोनाटा खोऱ्यात, जिथे पुनर्स्थापित फेरेटांची सर्वांत भरभराट झाली होती, २००८ मध्ये प्लेग पोहोचला आणि मोठे क्षेत्र उजाड झाले. जे वाचले ते भुकटी टाकलेल्या बिळांच्या आधाराने वाचले. फेरेट नसता तर त्या खोऱ्यात भुकटी टाकायला कोणी गेले असते, असे मानायला कसलाच आधार नाही. हिशेबाच्या वहीत हा सारा खर्च फेरेटच्या नावावर पडतो, आणि टीकाकार वहीचे मुखपृष्ठ वाचून निकाल देतात.

एका बाबतीत मात्र टीकाकारांचे म्हणणे मानावे लागते. प्राणी पिंजऱ्यात वाचवण्यात परिसंस्थेचा काहीही फायदा नसतो. सध्याचे जवळजवळ सगळे फेरेट मिटीट्सीच्या अठरांपैकी अवघ्या सात पूर्वजांची संतती आहेत, त्यामुळे आनुवंशिक वैविध्य वाढवण्यासाठी १९८० च्या दशकात गोठवून ठेवलेल्या पेशींपासून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अ‍ॅन ही क्लोन मादी जन्मली, आणि २०२४ मध्ये अँटोनिया या दुसऱ्या क्लोन मादीला पिल्ले झाली. प्रयोगशाळेची ही कर्तबगारी मोठीच आहे. तिच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि विलुप्त होणे ही आता दुरुस्त करता येणारी चूक आहे असा समज त्यांतून पसरला. तो समज घातक आहे. १९९१ मध्ये वायोमिंगच्या शर्ली खोऱ्यात पहिले ४९ फेरेट सोडण्यात आले तेव्हापासून पुढच्या अनुभवाने हेच शिकवले की पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्याला आधी खऱ्या बिळांच्या आवारात ठेवून शिकार शिकवावी लागते, आणि तेवढे करूनही जिथे वसाहत नाही तिथे तो काही महिनेही निभत नाही. क्लोनिंगवर टीका करणाऱ्यांनी ती जरूर करावी, मात्र तिचा रोख फेरेटच्या संरक्षणावर नसून जमिनीचा प्रश्न पेशींच्या बरणीत सोडवू पाहणाऱ्या हौसेवर असावा.

महाराष्ट्राने हाच धडा उलट्या बाजूने घेतला आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, त्यात गावे, शेते आणि रस्ते सरसकट आले, लोकांच्या व्यवहारांवर बंधने पडली, आणि पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर माळढोक राज्यातून जवळजवळ गेला होता. नान्नजचा जो माळ प्रत्यक्ष राखला गेला तिथे काळवीट आणि लांडगा आजही आहेत. एका प्रजातीच्या नावाने निघालेली अधिसूचना आणि त्या प्रजातीच्या गरजेप्रमाणे राखलेली जमीन यांतला फरक इतका उघड क्वचितच दिसतो.

राहतो तो पशुपालकाचा आक्षेप, आणि सगळ्या आक्षेपांत खरे वजन त्याचेच आहे. प्रेअरी डॉग चारा खातो हे खोटे नाही. मेरियम यांचे गणित फुगवलेले होते, निराधार नव्हते. कोलोरॅडोतील आखूड गवताच्या मैदानावर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असे आढळले की कुरणाचा पाचवा हिस्सा वसाहतीखाली असेल तर गुरांची वजनवाढ साडेपाच टक्क्यांनी घटते, आणि साठ टक्के वसाहतीखाली असेल तर सुमारे चौदा टक्क्यांनी. म्हणजे नुकसान वसाहतीच्या क्षेत्राच्या प्रमाणात वाढत नाही, ते त्याहून बरेच कमी असते, कारण वसाहतीतला कोवळा चारा गुरांनाही मिळतो. पण दुष्काळाच्या वर्षी, बँकेचे हप्ते थकलेले असताना, साडेपाच टक्के ही रक्कम कोणाही पशुपालकाला क्षुल्लक वाटणार नाही, आणि ती त्याने एकट्याने का सोसावी याचे उत्तर घुबडांची यादी वाचून देता येत नाही. कॅन्सस राज्याच्या लोगन परगण्यात २००७ मध्ये काही पशुपालकांनी स्वतःहून आपल्या जमिनीवर फेरेट सोडू दिले, तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार आणि शंभर वर्षांपूर्वीचा एक कायदा यांचा आधार घेऊन परगण्याच्या प्रशासनाने त्याच जमिनीवर विष घालायचा आग्रह धरला आणि प्रकरण न्यायालयात गेले. एकीकडे केंद्र सरकार फेरेट सोडते आणि दुसरीकडे स्थानिक सरकार त्याचे अन्न मारू पाहते, अशी ही विसंगती आहे, आणि ती मिटवण्याची जबाबदारी फेरेटवर टाकता येत नाही.

२०१३ मध्ये खासगी जमीनमालकांसाठी एक करारपद्धती आणली गेली, जिच्यात फेरेटला जागा देणाऱ्यावर पुढे कायद्याची जादा बंधने पडणार नाहीत अशी हमी आहे, आणि वसाहत राखण्यासाठी काही ठिकाणी मोबदलाही दिला जातो. फोर्ट बेल्नॅपसारख्या मूळ अमेरिकी समाजांच्या राखीव भूमींवर फेरेट सोडले गेले आहेत, आणि प्लेगने तिथले काम उधळल्यावर ते पुन्हा हाती घेतले गेले आहे. मोबदल्याची रक्कम गुरांच्या घटलेल्या वजनाशी मेळ खाते का, ती दुष्काळात वाढते का, शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे पसरलेल्या वसाहतीचे नुकसान कोण भरून देते, हे प्रश्न टीकाकारांनी लावून धरले तर त्यांच्या टीकेचा खरोखर उपयोग होईल. फेरेट सोडून द्या असे म्हणणाऱ्यांनी मात्र त्याच्या नावावर आज राखली जाणारी वसाहत उद्या कोणत्या कायद्याने, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या प्राण्याच्या गरजेने मोजून राखली जाईल हे आधी सांगावे. २००९ च्या निर्णयानंतर प्रेअरी डॉगच्या नावाने तसे काही होण्याची शक्यता त्यांनाही दिसत नसावी.